नाबोथाचा मळा आणि शिकागोचे उद्यान

शिकागो नगरीच्या मुद्रेवर तीन लॅटिन शब्द कोरलेले आहेत : 'उर्ब्स इन होर्तो'. सेमिनरीत ज्यांनी लॅटिनच्या विभक्ती घोकल्या आहेत, त्यांना या शब्दांचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. 'बागेतले नगर' असा तो साधा अर्थ. १८३७ साली शिकागोला शहराचा दर्जा मिळाला आणि हे ब्रीद स्वीकारले गेले, तेव्हा ती मिशिगन सरोवराच्या काठी दलदलीत वसलेली चार हजारांच्या आसपास लोकांची वस्ती होती. बाग म्हणावी असे तेथे काहीच नव्हते. होता तो चिखल, आणि भोवती क्षितिजाला भिडलेला गवताळ माळ. तेव्हा मुद्रेवरील त्या शब्दांना वर्णन म्हणण्यापेक्षा वचनच म्हणावे लागेल. वचन देणे सोपे आणि पाळणे अवघड, हे विवाहाचे संस्कार देणाऱ्या धर्मगुरूला कोणी सांगावयास नको. शिकागोने दिलेल्या वचनाचे पुढे काय झाले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

२०२४ च्या सप्टेंबर महिन्यात, आमच्या धर्मग्रामातून तिकडे स्थायिक झालेल्या एका कुटुंबाचे पाहुणे म्हणून, आम्हांला शिकागोस जाण्याचा योग आला. शहराच्या ऐन मध्यावर, मिशिगन ॲव्हेन्यूवरील उंच इमारतींच्या पायथ्याशी, 'मिलेनियम पार्क' नावाचे साडेचोवीस एकरांचे उद्यान आहे. पलीकडे सागरासारखे अथांग सरोवर. उद्यानात फुलांचे ताटवे आहेत, आजच्या काळातील थोर कलावंतांची शिल्पे आहेत, संगीताचा मंच आहे, आणि आत जाण्यास तिकीट नाही. यजमानांच्या मातोश्री वसईहून मुलाकडे आल्या होत्या. त्याही आमच्याबरोबर होत्या. बाकावर टेकून त्यांनी चौफेर नजर फिरवली आणि आम्हांला विचारले, "फादर, एवढी मोक्याची जागा, आणि कुणी टॉवर कसा बांधला नाही? इथे बिल्डर नाहीत का?"

आम्ही हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वसईच्या माणसाला असा प्रश्न आधी पडतो, फुले नंतर दिसतात. त्याचे उत्तर शोधू गेलो तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षे मागे जावे लागले.

नकाशावरची एक ओळ

शिकागोची भूमी मूळची पोटावाटोमी आणि त्यांच्या सहचर आदिवासी जमातींची. १८३३ साली शिकागो येथे झालेल्या तहाने त्यांच्याकडून ती घेण्यात आली आणि बहुतेकांना पश्चिमेकडे, मिसिसिपी नदीपलीकडे, हाकलण्यात आले. त्यांच्यापैकी एका शाखेची हकीकत आपण कॅथोलिकांनी अवश्य जाणून घ्यावी अशी आहे. लिओपोल्ड पोकागन हा त्या शाखेचा प्रमुख. १८३० साली तो स्वतः डेट्रॉइटला गेला आणि फादर गाब्रिएल रिशार यांच्याकडे त्याने आपल्या लोकांसाठी धर्मगुरूची मागणी केली. अमेरिकेच्या भूमीवर ज्यांना प्रथम गुरुदीक्षा मिळाली ते फादर स्टीफन बादें पुढे या लोकांमध्ये येऊन राहिले. बाकीचे पोटावाटोमी देशोधडीला लागले, परंतु पोकागनच्या माणसांना मिशिगन प्रदेशात राहू देण्यात आले. या लोकांची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

तहानंतर तीनच वर्षांनी, १८३६ साली, सरोवर आणि नदी यांना जोडणाऱ्या कालव्याच्या खर्चासाठी शिकागोतील भूखंड विकण्यास काढले गेले. त्यासाठी कालव्याच्या आयुक्तांनी एक नकाशा तयार केला. सरोवराच्या काठालगतची एक लांब पट्टी त्यांनी विक्रीतून वगळली आणि तिच्यावर लिहून ठेवले की, ही सार्वजनिक जागा असून ती सदासर्वकाळ मोकळी, स्वच्छ आणि कोणत्याही इमारतीविना व अडथळ्याविना राहील. उत्तरेकडील लगतच्या तुकड्यावरही १८३९ साली अशाच आशयाची नोंद झाली. हा कायदा नव्हता, की मोठ्या समारंभाने केलेली घोषणा नव्हती. कोणातरी कारकुनाने टाकाने लिहिलेली ती नकाशावरची एक ओळ होती. आज मिलेनियम पार्कमध्ये जी माणसे गवतावर पाय पसरून बसतात, ती त्या ओळीवर बसलेली असतात.

मात्र ओळ लिहिली गेली म्हणून जागा मोकळी राहिली, असे मुळीच झाले नाही. १८५२ साली इलिनॉय सेंट्रल या रेल्वे कंपनीला किनाऱ्यालगत सरोवरात खांबांवर रूळ टाकण्याची परवानगी मिळाली. लाटांपासून किनारा वाचवण्यासाठी कंपनीने बंधारा बांधावा, असा तो सौदा होता. १८७१ च्या ऑक्टोबरात शहराला प्रचंड आग लागली. सुमारे तीनशे माणसे दगावली आणि लाखभर लोक बेघर झाले. जळालेल्या शहराचा राडारोडा गाड्यागाड्यांनी किनाऱ्यावर लोटण्यात आला आणि रूळ व किनारा यांच्यामधले पाणी बुजून तेथे नवी जमीन तयार झाली. म्हणजे ते उद्यान एका भस्मसात झालेल्या नगराच्या राखेवर उभे आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर क्रूस रेखताना आम्हांला आता त्या जागेची आठवण होते.

एक खटला, आणि त्याचा भारतापर्यंतचा प्रवास

आगीच्या दोन वर्षे आधी, १८६९ साली, इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने सरोवराच्या तळाची एक हजार एकरांहून अधिक जमीन त्याच रेल्वे कंपनीला बहाल केली होती. लोक संतापले. चार वर्षांनी विधिमंडळाने आपला निर्णय मागे घेतला, तेव्हा कंपनी न्यायालयात गेली. अखेर १८९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, अशा पाण्याचे आणि त्याखालील भूमीचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे. जनतेसाठी सांभाळावयाची ठेव त्याने एखाद्या कंपनीच्या हवाली करता कामा नये.

'विश्वस्त' हा शब्द शुभवर्तमानाच्या वाचकाला परका नाही. धन्याने परदेशी जाताना सेवकांच्या हाती सोपवलेल्या रुपयांचा दृष्टान्त आपण दरवर्षी वाचतो. कारभाऱ्याने स्वतःला मालक समजू लागणे, हाच त्या सर्व दृष्टान्तांतील पापाचा उगम असतो. परंतु आणखी एक गोष्ट आम्हांला येथे नमूद करावीशी वाटते. बियास नदीच्या पात्राशी एका विश्रामगृहासाठी चाललेल्या खेळाचा खटला भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. पर्यावरणासाठी झुंजणारे वकील एम. सी. मेहता यांनी चालवलेल्या या खटल्याचा निकाल १९९६ च्या डिसेंबरात लागला. त्यात न्यायमूर्तींनी शिकागोच्या त्याच निवाड्याचा आधार घेतला आणि सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. शिकागोच्या किनाऱ्यावर पेरलेले बीज शंभर वर्षांनी हिमालयाच्या पायथ्याशी उगवले. तेव्हा हा इतिहास परक्यांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये.

एका व्यापाऱ्याचा हट्ट

आता कथेतील मुख्य माणसाकडे वळू. ॲरन माँटगोमेरी वॉर्ड हा १८७२ साली टपालाने माल विकण्याचा धंदा सुरू करणारा व्यापारी. छापील यादी घरी पाठवावयाची, शेतकऱ्याने ती पाहून वस्तू मागवावयाची, आणि ती आगगाडीने त्याच्या गावी पोहोचावयाची, अशी त्याची पद्धत होती. धंदा भरभराटला आणि मिशिगन ॲव्हेन्यूवर त्याची मोठी कचेरी उभी राहिली. खिडकीतून सरोवराकडे पाहावे तर दिसे काय? उकिरडे, तबेले, लाकडी खोपटी आणि रेल्वेचे डबे. १८९० साली त्याने आपल्या वकिलाला नकाशावरच्या त्या जुन्या ओळीची आठवण दिली आणि नगरपालिकेवर दावा गुदरला.

तो दावा आणि त्याच्या मागून आलेले दावे वीस वर्षे चालले. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रकरण चार वेळा गेले आणि चारही वेळा वॉर्डच्या बाजूने निकाल लागला. प्रारंभी त्याचा प्रतिपक्ष घाण आणि अतिक्रमण हा होता, तोवर लोकांना तो प्रिय होता. पुढे मात्र मोठी माणसे सत्कार्यांच्या योजना घेऊन आली. मार्शल फील्ड हा कोट्यधीश व्यापारी १९०६ साली वारला, तेव्हा त्याने भव्य संग्रहालयासाठी ८० लाख डॉलर ठेवले होते. डॅनियल बर्नहॅम या थोर वास्तुशिल्पकाराने १९०९ मध्ये शहराचा जो प्रसिद्ध आराखडा मांडला, त्यात हे संग्रहालय उद्यानाच्या मध्यभागी दाखवले होते. संग्रहालयाला कोण विरोध करील? वॉर्डने केला. वर्तमानपत्रांनी त्याची निर्भर्त्सना केली, त्याला प्रगतीचा वैरी ठरवले, जुने मित्र दुरावले. तो बधला नाही. एकदा एका इमारतीला हो म्हटले की दुसरीला नाही म्हणता येणार नाही, ही त्याची भूमिका होती. आपण हे श्रीमंतांसाठी नव्हे, तर शहरातील गरिबांसाठी करीत आहोत, असे त्याने १९०९ साली एका पत्रकाराला सांगितले. शेवटी संग्रहालय उद्यानाच्या दक्षिणेस, भराव घातलेल्या जमिनीवर बांधावे लागले. ते १९२१ साली तेथे उघडले. वॉर्ड त्यापूर्वीच, १९१३ मध्ये, निवर्तला होता.

वॉर्ड हा संत होता, असे आमचे म्हणणे नाही. त्याची स्वतःची कचेरी उद्यानासमोर होती आणि मोकळ्या जागेने तिची किंमत वाढत होती. कायद्याने त्याला दावा लावता आला तोही समोरच्या भूखंडाचा मालक म्हणूनच. परंतु परमेश्वर अर्धवट शुद्ध हेतूंनीही आपली कामे करून घेतो, हे जुन्या करारात पानोपानी दिसते.

त्याच जुन्या करारात, राजांच्या पहिल्या ग्रंथात, नाबोथाची कथा आहे. अहाब राजाच्या वाड्याशेजारी नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तो भाजीच्या बागेसाठी हवा होता. त्याने योग्य मोबदला देऊ केला, त्याहून चांगला मळा देऊ केला. पूर्वजांचे वतन आपण विकणार नाही, असे नाबोथाने सांगितले. पुढे ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करविली, आणि राजा मळ्याचा ताबा घेण्यास गेला तेव्हा एलीया संदेष्टा तेथे त्याच्यासमोर उभा ठाकला. या कथेत अहाबाला हवी होती तीही एक बागच होती, हे आमच्या ध्यानात शिकागोत गेल्यावर आले. वाईट कामासाठी मागितलेली जमीन नाकारणे सोपे असते. चांगल्या दिसणाऱ्या कामासाठी, चांगल्या किमतीला मागितलेली जमीन नाकारण्यासाठी नाबोथाचे काळीज लागते.

आणि शिकागोचा खरा नाबोथ कोण? १९१४ साली पोकागनच्या वंशजांनी, त्याच कॅथोलिक पोटावाटोमींनी, न्यायालयात दावा लावला. आमच्या पूर्वजांनी तहात दिली ती सरोवराच्या काठापर्यंतची जमीन. पाणी बुजवून तुम्ही जी नवी भूमी केली ती आम्ही कधी दिलीच नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. ज्या किनाऱ्याला जनतेची ठेव म्हणून संरक्षण मिळाले, त्या जनतेत ज्यांची ती भूमी मुळात होती त्यांची गणना झाली नाही. उद्यानाचे कौतुक करताना हा काटा मनात राहू द्यावा.

शिल्पे आणि फुले

वॉर्डने एका इमारतीला अपवाद केला होता : कलासंग्रहालयाला, म्हणजे 'आर्ट इन्स्टिट्यूट'ला. मिलेनियम पार्कच्या दक्षिणेस, रस्ता ओलांडला की ही वास्तू लागते. १८९३ साली ११ सप्टेंबर रोजी येथेच सर्वधर्म परिषद भरली. स्वामी विवेकानंदांचे भाषण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण त्या परिषदेचा प्रारंभ बाल्टिमोरचे कार्डिनल गिबन्स यांनी 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणून केला होता, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असते. २०१० साली मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट यांनी याच वास्तूच्या जिन्याच्या पायऱ्यांवर विवेकानंदांचे शब्द दिव्यांच्या अक्षरांत मांडले होते. आणि ज्या विस्तीर्ण ग्रँट पार्कचा मिलेनियम पार्क हा वायव्येकडील कोपरा आहे, त्याच्या हिरवळीवर ५ ऑक्टोबर १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी लाखोंच्या जनसमुदायासह पवित्र मिस्साबलिदान अर्पण केले. एवढी माणसे मावतील अशी जागा शहराच्या मध्यात उरली होती, याचे श्रेय कोणाचे हे आता वाचकांस सांगणे नको.

तरीही एक कोपरा शतकभर तसाच राहिला होता. तेथे रेल्वेचे रूळ आणि मोटारींचे तळ होते. १९९७ साली रुळांवरील अवकाशाचा हक्क शहराला मिळाला आणि महापौर रिचर्ड डेली यांनी तेथे उद्यान करण्याचे मनावर घेतले. १५ कोटी डॉलरांत आणि २००० सालापर्यंत ते व्हावयाचे होते. प्रत्यक्षात १६ जुलै २००४ रोजी उघडले आणि खर्च सुमारे ४७ कोटी ५० लाख डॉलरांवर गेला. त्यातील सुमारे २७ कोटी शहराचे, बाकीचे देणगीदारांचे. पायांखाली आजही आगगाड्या धावतात आणि मोटारी उभ्या असतात. म्हणजे हे सारे उद्यान खरे तर एका प्रचंड गच्चीवर आहे.

सर्वांचे पाय आधी वळतात ते 'क्लाउड गेट' या शिल्पाकडे. ६६ फूट लांब आणि ३३ फूट उंच असा चकचकीत पोलादाचा तो महाकाय थेंब. लोक त्याला लाडाने घेवड्याचा दाणा म्हणतात. १६८ पत्रे जोडून, सांधे घासून घासून नाहीसे केलेले. शिल्पकार अनिश कपूर यांचा जन्म १९५४ साली मुंबईचा. त्यांचे आईकडील आजोबा पुण्याच्या सिनेगॉगमध्ये स्तोत्रगायक होते. २००४ मध्ये लोकांनी हे शिल्प अपुरेच पाहिले. मग ते झाकून कारागीर पुन्हा घासत बसले आणि २००६ मध्ये ते पूर्ण झाले. त्यात सारे शहर, आकाश आणि आपण स्वतः दिसतो. कमानीखाली उभे राहून वर पाहिले तर आपलेच तोंड वेडेवाकडे होऊन दहा ठिकाणी दिसते. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना आरशाची उपमा का वापरली, ते तेथे एका क्षणात कळते. आमच्या शेजारी एक सफाई कामगार, एक नवविवाहित जोडपे आणि कोट घातलेले एक गृहस्थ उभे होते. त्या आरशात सगळे सारखेच वाकडे दिसत होते.

थोडे पुढे 'क्राउन फाउंटन' हे कारंजे आहे. बार्सिलोनाचे शिल्पकार जाउमे प्लेन्सा यांनी ते घडवले. काळ्या दगडाच्या उथळ पाणथळीच्या दोन टोकांना काचेच्या विटांचे पन्नास फुटी मनोरे समोरासमोर उभे आहेत. त्यांवर शिकागोच्या एक हजार सामान्य नागरिकांचे चेहरे आळीपाळीने उमटतात. काही मिनिटांनी तो चेहरा ओठांचा चंबू करतो आणि तोंडातून पाण्याची धार सुटते. खाली मुले ओरडत भिजतात. युरोपातील जुन्या कॅथेड्रलांच्या छपरांवर दगडी आकृतींच्या तोंडांतून पावसाचे पाणी पडे, ती कल्पना येथे घेतली आहे. फरक एवढाच की दैत्यांच्या जागी येथे शेजारीपाजारी आले. देणगीदारांची नावे दगडावर कोरली जातातच; पण पन्नास फूट उंच चेहरा मिळाला तो वाटेवरच्या माणसाला, हे आम्हांला फार सुखावून गेले.

आणि मग बाग. 'ल्युरी गार्डन' ही अडीच एकरांची बाग कॅथरिन गुस्टाफसन यांच्या आराखड्याने झाली; झाडे निवडली ती हॉलंडचे पीट आउडोल्फ यांनी. पंधरा फूट उंचीची कुंपणझाडी तिला दोन बाजूंनी कवेत घेते. आतून एक लाकडी वाट आणि पाण्याचा पाट जातो. सरोवराला थोपवणारी जुनी भिंत जेथून जात होती, तिची ती खूण. छपरावर भार नको म्हणून मातीखाली हलके फोमचे ठोकळे घातले आहेत. झाडे पुष्कळशी त्याच मातीतली : जांभळ्या पाकळ्यांची एकिनेशिया, निळसर देठांचे उंच गवत. पोटावाटोमींच्या वेळी क्षितिजापर्यंत जो माळ होता त्याचाच हा नमुना. हिवाळ्यात वाळलेले देठ कापून टाकत नाहीत. पक्ष्यांना बिया मिळतात, बर्फात ते करडे देठ उभे राहतात आणि हिवाळा सरता सरता कापणी होते. मरणातही सौंदर्य आहे आणि ते घाईने झाकू नये, असे त्या माळ्यांचे म्हणणे असावे. पुनरुत्थानाच्या पहाटे मग्दालिया मरियेने प्रभूला माळी समजण्याची चूक केली. ती चूक तितकीशी चूक नव्हती, असे आम्हांला त्या वाटेवर वाटले.

संगीताच्या मंचाची गंमत सांगितलीच पाहिजे. वॉर्डने मिळवलेल्या निकालांमुळे येथे उंच इमारत बांधता येत नाही. म्हणून शेजारचे हॅरिस नाट्यगृह बहुतांशी जमिनीखाली बांधले. पण फ्रँक गेरी यांनी रचलेला पोलादी पाकळ्यांचा 'प्रिट्झकर पॅव्हिलियन' तर १२० फूट उंच आहे! तो कसा? शहराने तो इमारत नसून कलाकृती आहे असे ठरवले. परुशी लोकांनाही असा शब्दच्छल सुचला नसता. मात्र याच मंचापुढे चार हजार आसने आणि सात हजारांसाठी हिरवळ आहे, आणि १९३५ पासून चालत आलेला उन्हाळी संगीत महोत्सव येथे विनामूल्य ऐकावयास मिळतो. नियम वाकवला, तो लोकांच्या बाजूने, हे मान्य करावे लागते. तरी वाकवण्याची सवय ही निसरडी वाट आहे.

पहारा कोणी करावयाचा?

त्या निसरड्या वाटेची चिन्हे दिसलीच. २००५ साली छायाचित्रकारांना परवान्यावाचून शिल्पाचे फोटो घेण्यास पहारेकऱ्यांनी मज्जाव केला. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला एका मोटार कंपनीने ८ लाख डॉलर मोजून उद्यानाचा मोठा भाग दिवसभरासाठी भाड्याने घेतला आणि नागरिकांना त्या भागात मज्जाव झाला. सदासर्वकाळ मोकळी राहावयाची जागा एक दिवस बंद झाली. २००६ मध्ये कारंजाच्या मनोऱ्यांवर पाळतीचे कॅमेरे बसवले गेले. लोकांनी ओरड केली तेव्हा ते उतरवले. २०२२ च्या मे महिन्यात उद्यानात गोळीबार होऊन एक किशोरवयीन मुलगा मरण पावला, तेव्हा सायंकाळी सहानंतर, आठवड्याच्या ठरावीक दिवशी, पालकांविना आलेल्या मुलांना प्रवेश बंद करण्यात आला. आईबापांची भीती आम्ही समजू शकतो. पण ज्या मुलांना घरी अंगण नाही त्यांनी जावे कोठे, हा प्रश्न उरतोच.

या सर्वांतून आम्हांला एकच गोष्ट पटली. वचन नकाशावर लिहिले म्हणजे ते पाळले जात नाही. प्रत्येक पिढीत कोणीतरी उठून ते मोठ्याने वाचून दाखवावे लागते. १८९० साली ते वॉर्डने वाचले. आमच्या वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीचे सहकारी उभे राहिले, तेव्हा त्यांनी वेगळे काय केले? त्यांनाही विकासाचे वैरी म्हटले गेले. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी प्रभूच्या घरी गेले. आम्ही शिकागोच्या त्या बाकावर बसलो होतो ते त्यानंतर दोनच महिन्यांनी. पुढच्या वर्षी, ८ मे २०२५ रोजी, त्याच शिकागोत जन्मलेले पोप लिओ चौदावे ख्रिस्तसभेचे प्रमुख झाले, तेव्हा त्या नगराची आठवण आम्हांला अधिकच आली.

आपली कबुलीही दिली पाहिजे. वसईच्या वाड्या केवळ इतरांनी बळकावल्या असे नाही. पुष्कळ आम्ही आपल्या हातांनी विकल्या. बावखले बुजवताना दगड टाकणारे हात कधी कधी आपल्याच बाकांवर बसणाऱ्यांचे होते. अहाब नेहमी बाहेरून येत नाही.

यजमानांच्या मातोश्रींना आम्ही वॉर्डची हकीकत सांगितली. त्या बराच वेळ कारंज्यातील मुलांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे फादर, एक माणूस नाही म्हणाला म्हणून ही पोरं इथे खेळतात." याहून नेमका सारांश आम्हांला करता आला नसता.

वाचकहो, आमची एक विनंती आहे. आपल्या गावचा तलाव, गुरचरण, मुलांच्या खेळाचे मैदान, समुद्राकडे जाणारी पायवाट, या जागा कागदावर कोणाच्या नावे आहेत ते तलाठ्याकडे जाऊन पाहा. सातबाराचा उतारा काढा, गावनकाशा पाहा, त्यांची प्रत घरात देवघराशेजारी ठेवा. कोणास ठाऊक, तेथेही एखादी ओळ कोणी लिहून ठेवली असेल आणि ती वाचणाऱ्याची वाट पाहत असेल.